दोन घरांत एकच फोटो

केसरबाई जन्मात कोणाला घाबरली नव्हती. रामाकोन्याची ही साठी उलटलेली बाई सोयरिकी जुळवायची, आणि तोंडाची अशी खमकी की पोराचा बाप नोकरीबद्दल जरा जास्त फुशारक्या मारायला लागला तर त्याच्याच बैठकीत म्हणायची, "आधी पगाराची चिठ्ठी दाखवा, मंग पिते मी चहा." सौसर-पांढुर्ण्याकडच्या कुणब्यांत तिच्या शब्दावर लग्नं लागायची. मोबदला काय, तर लग्नात एक साडी, अन् तीही पसंत नाही पडली तर तोंडावर सांगायची.

आता मोबाइलवर बायोडाटे फिरतात. केसरबाई ते बाजूला सारून विचारायची, आडनाव काय? देवक कोणतं? मामेकूळ सांगा. देवक एकच निघालं की भाऊबंद, विषय संपला. मामाची पोरगी चालते, आत्याच्या घरी पोरगी देतात. पण मावशीचं लेकरू? राम राम! त्याला राखी बांधायची असते, माळ नाही घालायची.

सावरगावचा योगेश अन् बोरगावच्या हेमराजची श्रुती, ही सोयरीक तिनं अशीच खोदून खोदून विचारून जुळवली. योगेशच्या आईचं, वैशालीचं, माहेर खवसे. श्रुतीच्या आईचं, मीनाचं, माहेर ठोंबरे. कुठंच काही अडलं नाही. साक्षगंध झालं, पत्रिका वाटून झाल्या. उद्या लग्न होतं अन् आज बोरगावात हळद.

हेमराजच्या घरी देवघरात वारलेल्या माणसांचे फोटो मांडले होते. त्यांनाही लग्नाचं बोलावणं असतं ना. केसरबाई कुंकू लावायला वाकली अन् वाकलेलीच राहिली. स्टुडिओतली खुर्ची, मागं रंगवलेलं कारंजं, खुर्चीत बसलेली बाई आणि तिच्या उजव्या कानाची फाटलेली पाळी. हाच फोटो तिनं सावरगावात वैशालीच्या देवघरात पाहिला होता. "माही माय, शेवंता," असं वैशालीनं स्वतः सांगितलं होतं. इथं फोटोखाली लिहिलं होतं, कै. अनुसयाबाई ठोंबरे, म्हणजे मीनाची माय.

नाव दुसरं, आडनाव दुसरं, अन् बाई तीच! लग्नात बाईचं नाव बदलतं. नवरा मेला अन् पाट लावून दुसऱ्या घरी गेली की पुन्हा बदलतं, आणि पहिल्या घरचं लेकरू पहिल्याच घरी राहतं. वैशाली पहिल्या घरची, मीना दुसऱ्या घरची. केसरबाईनं चाळीस वर्षं बापाचं कूळ विचारलं, आईच्या बापाचं कूळ विचारलं. आईच्या आईबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. कोण काढतं, सांगा!

बोलावं तर हळद लागलेली पोरगी मांडवातून उठवायची, अन् लोक काय, खोट पोरीतच काढणार. न बोलावं तर उद्या भाऊ-बहीण एकमेकांच्या गळ्यात माळा घालणार, अन् त्या तिच्याच शब्दावर. तिनं कुंकवाचा करंडा खाली ठेवला. गुपचूप उठावं अन् रामाकोन्याची बस धरावी, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

त्याऐवजी तिनं मीनाला हाताला धरून सैपाकघरात नेलं. "मीना, तुह्या मायचा पाट लागला होता काय व?"

मीनानं आधी दार लोटलं. "हळू बोला, केसरमाय."

अगं बाई, हिला माहीत होतं!

"साक्षगंधाच्या दिवशी शंका आली मले," मीना भराभरा बोलायला लागली. "वैशालीबाईनं हसताना तोंडावर पदर धरला, एकदम मायसारखा. मंग त्यांच्या घरी गेली तं फोटो दिसला. मायनंच कोणाच्या तरी हातानं चोरून पाठवला असन. मरेपर्यंत 'थोरली, थोरली' करत होती ते. भेटू नाही दिलं तिले कोणी. आता थोरली माह्या घरी येते-जाते, माह्या पोरीसाठी साड्या पाहून राहिली. मी काहून तोंड उघडू?"

"अवो, लेकरं मावसभावंडं आहेत!"

"कोणाले माहीत आहे? तुमाले अन् मले. नका ना बोलू. पाया पडते तुमच्या."

खोटं कशाला बोला, केसरबाईला क्षणभर हायसं वाटलं. गप्प राहिलं तर तिचंही नाव राहत होतं. पण उद्या अक्षता टाकायला आपला हात उचलणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिनं स्वतः दार उघडलं अन् श्रुतीला आत बोलावलं. घाबरत घाबरत सगळं सांगितलं, पोरीच्या तोंडाकडे न पाहता.

श्रुतीच्या तोंडाला, हाताला ओली हळद होती. "आई, तुला माहीत होतं?" मीनानं मान खाली घातली. मग हळदीच्याच बोटांनी तिनं सावरगावला फोन लावला, आवाज मोठा केला अन् फोन आईच्या हातात कोंबला. "तू सांग."

"बोला, इहीनबाई!" तिकडून वैशाली हसत म्हणाली. "झाली काय पोरीची हळद?"

मीनानं फोन तोंडाजवळ धरला. तिनंही नुसतं इहीनबाई म्हटलं असतं तर हे लग्न अजून होऊ शकत होतं. केसरबाईनं भीतीनं डोळे मिटून घेतले.

"ताई," मीना म्हणाली.

तिकडचं हसणं थांबलं. मागून कोणीतरी पातेलं कुठं ठेवू म्हणून विचारत राहिलं. इकडं मांडवातून हेमराज ओरडला, "केसरमाय, पोरीले आणा ना, बाया खोळंबल्या!"

"माय गेली तवा मले काहून नाही बोलावलं व, मीना?" वैशाली म्हणाली.

म्हणजे तिलाही माहीत होतं! मीना भिंतीला टेकून खाली बसली. केसरबाईनं पदर डोक्यावर घेतला अन् हेमराजला सांगायला बाहेर गेली.