मास्तरांचा ओठ बसला

बँडवाल्यांकडे किस्से साठतात ते वाजवण्यामुळे नाही, थांबण्यामुळे! नवरदेव घोड्यावर चढेपर्यंत आम्ही दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर ट्रम्पेट काखेत धरून उभे. तोंडाला दुसरं काम काय?

*

आमच्यात ‘कसा आहेस?’ विचारत नाहीत. ‘ओठ कसा आहे?’ विचारतात. ओठ बरा तर माणूस बरा. माझं नवीन लग्न झालेलं. सकाळीच मोरे मास्तरांचा, म्हणजे आमच्या मुख्य ट्रम्पेटवाल्यांचा फोन आला. उचलला बायकोने.

“काय म्हणतोय त्याचा ओठ? काल फार दमवला त्याने!”

संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

*

एकदा वरघोडा, म्हणजे वरात, निघायच्या आधी आम्ही सेव उसळ खाल्ली. वर तिखट तर्री मागून घेतली. माउथपीस ओठांना टेकवला आणि आई गं! पहिली दोन गाणी एकट्या ढोलवाल्याने वाजवली.

नवऱ्याचे गुजराती काका खूश. “आ नवी स्टाइल छे?”

*

माउथपीस ओठांवर नेमका कुठे बसवायचा, यावर आमचं कधी एकमत नाही. कोणी म्हणतो वरचा ओठ जास्त आत, कोणी म्हणतो खालचा. मला राहवेना. एका वरातीनंतर मी सगळ्यांना ओळीने उभं करून ओठांवरचे गोल वळ तपासले. प्रत्येकाचा वेगळ्या जागी! मास्तरांचा तर चक्क डावीकडे, त्यांच्या वाकड्या दातासमोर.

“मग बरोबर कोणाचं?”

“ज्याचा सूर लागतो त्याचं,” मास्तर म्हणाले.

*

यंदा उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, चिक्की खाताना मास्तरांचा नेमका तोच वाकडा दात तुटला. फुंकलं की नुसती हवा. ऐन सीझनमध्ये मास्तर वरातीत खुळखुळा हलवत चालायला लागले. मला बघवत नव्हतं.

मांडवीजवळच्या डेंटिस्टने छान सरळ दात बसवला. मास्तरांनी खुर्चीतच ट्रम्पेट तोंडाला लावला. फुस्स!

त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत तुटलेला दात.

“डॉक्टर, अस्साच करा. वाकडा.”

“अहो, लोक सरळ करायला येतात!”

“ते ट्रम्पेट वाजवत नाहीत.”

आठवड्याने पुन्हा तीच खुर्ची, नवा वाकडा दात. मास्तरांनी माउथपीस डावीकडे टेकवला, डोळे मिटले आणि फुंकलं. नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला.

कोणाची वरात निघाली म्हणून बाहेर बसलेल्या आजींनी विचारलं, “कोनो वरघोडो नीकळ्यो?”

“मारो! माझाच!” मास्तर आतून ओरडले. “मारो वरघोडो!”