एका सशामागे एकच कुत्रं

ब्रिस्टलला आमच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला एक निवृत्त शिक्षक राहायचे. शाळेत भूगोल शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लेस्टरला. सकाळी मी ऑफिसला निघायचे त्या वेळी ते एका उंच, पट्ट्यापट्ट्यांच्या कुत्र्याला घेऊन उतारावरून खाली येत असायचे. तो कुत्रा पहिल्यांदा नीट पाहिला त्या दिवशी मी गाडीचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिले. आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड, पाठीची कमान. माझ्या चुलत्यांकडे सांगोल्याला अगदी अशीच कुत्री होती. कारवानी.

मी त्यांना तसं सांगितलं, आणि त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला. कारवानी कुत्री कुठून आली, माळावर कशी पळतात, त्यांना खायला काय घालतात, सगळं त्यांना ऐकायचं होतं. मला सांगता आलं ते फारच थोडं. चुलते आणि त्यांचे मित्र सशाच्या मागे कुत्री घेऊन जायचे तेव्हा मुलींना कोणी बरोबर नेत नसे. मी बांधावरून ती मंडळी लहान होत जाताना पाहायचे आणि संध्याकाळी कुत्र्यांच्या पायातले काटे काढायचे. माझी कुत्र्यांशी ओळख ती एवढीच, असं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "मग रविवारी चल. इथे तुला कोण अडवणार आहे?"

अशी मी मेंडिपच्या टेकड्यांवर पहिल्यांदा गेले. तिथे एका बाईंचं शेत होतं. त्यांचं हिवाळी बार्लीचं कोवळं पीक ससे कडेकडेने खाऊन टाकायचे, म्हणून त्यांनी शिक्षकांना शिकारीची परवानगी दिलेली. कायदा तेव्हा नुकताच बदलला होता. इंग्रजीत ज्याला हेअर म्हणतात त्याच्यामागे कुत्रा सोडायचा नाही. रॅबिट चालतो, तोही जमीनमालक हो म्हणाला तरच. आपल्याकडे दोघांनाही ससाच म्हणतात, त्यामुळे मी पहिले काही दिवस गोंधळायचे. आमच्या माळावरचा तो हेअर. त्याला बीळ नसतं, तो उघड्यावर राहतो आणि मैलभर पळतो. इथला रॅबिट बिळाच्या तोंडापासून लांब जातच नाही. त्याच्यामागची धाव डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते.

वर्षभर मी त्यांच्याबरोबर नुसती बिळांच्या तोंडांशी जाळी लावायला गेले. मग एक दिवस, आपल्यालाही कुत्रं हवंय, असं मी घरी जाहीर केलं. नवरा पुण्याचा, अंड्याच्या पुढे कधी न गेलेला. तो एवढंच म्हणाला की कुत्रं घरात येईल, ससा येणार नाही. मी कबूल केलं. ससे गार्डनमधल्या शेडमध्ये साफ व्हायचे आणि तिथेच छोट्या शेगडीवर सांगोल्याहून आलेल्या काळ्या तिखटात शिजायचे. शिक्षक उलट्या बादलीवर बसून डोळ्यांतून पाणी गाळत जेवायचे. नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवायचा.

पिल्लू बघायला आम्ही ग्लॉस्टरच्या पलीकडे एका माणसाकडे गेलो. शिक्षकांच्या कुत्र्यासारख्याला इथे लर्चर म्हणतात. ती काही एक ठरावीक जात नाही. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारख्या, नजरेने शिकार धरणाऱ्या कुत्र्याचा टेरियरशी नाहीतर मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याशी संकर केला की झाला लर्चर. एकाचा वेग, दुसऱ्याची अक्कल. मला त्या पिल्लांमधलं सगळ्यात लांब पायांचं हवं होतं, आमच्या कारवानीसारखं दिसणारं. शिक्षकांनी त्या पिल्लाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी पिल्लांची आई बघायला मागितली, तिला शेतातून चालवून आणायला लावलं. मग पिल्लांचे पंजे एकेक करून दाबून पाहिले. पंजा घट्ट हवा, बोटं फाकलेली नकोत, कारण इथली जमीन दगडाळ. त्यानंतर आम्ही नुसते गवतात बसून राहिलो. एक करडी, खरखरीत केसांची मादी बाकीच्यांना सोडून कोंबडीचं पीस शोधत गेली, ते तोंडात धरून फिरली, आणि मग ते पीस घेऊन माझ्या बुटापाशी येऊन बसली.

"पळायला सगळीच पळतात," शिक्षक म्हणाले. "परत येणारं घे."

ती करडी पोर आमच्या घरी आली. पहिलं वर्ष तिला एकाही सशामागे सोडायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. हाडं कोवळी असताना जोरात वळलं की कुत्रं जन्माचं अधू होतं. त्या वर्षात ती हाक ऐकायला शिकली, सशाच्या कातड्यात गुंडाळलेला मोजा उचलून आणायला शिकली, कुंपणावरून उडी मारायला शिकली. मेंढ्यांमधून चालताना त्यांच्याकडे न बघायला शिकायला मात्र तिला फार दिवस लागले. शिक्षकांचा आवाज कधी चढत नसे. ती चुकली की ते थांबायचे, आकाशाकडे बघायचे, आणि पहिल्यापासून सुरू करायचे. शाळेतही असंच शिकवत असतील, असं मला वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात ती कामाला लागली. शिक्षकांकडे फेरेट होते, मुंगसासारखे दिसणारे पांढरे, लांबट प्राणी. फेरेट बिळात सोडायचा, ससे बाहेर पळतात आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकतात. जाळं नसलेल्या भोकातून जो निसटेल तो कुत्र्याचा. पण कुत्र्याचं खरं काम त्याच्या आधीचं. आत ससा आहे की नाही हे तिला वरून वास घेऊन कळायचं. रिकाम्या बिळावरून ती सरळ पुढे जायची. ससा असला की एक पंजा उचलून थबकायची आणि मागे वळून माझ्याकडे बघायची. ती थबकली आणि आत काही नव्हतं, असं मला तरी आठवत नाही. धरलेला ससा ती जिवंत आणून माझ्या हातात द्यायची. पुढचं मानेचं काम मी करायचे, शिक्षकांनी दाखवल्यासारखं, एका झटक्यात. पहिल्या वेळी मी झुडपामागे जाऊन रडले होते. नंतर रडू आलं नाही, पण ते सोपंही कधी वाटलं नाही.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते कधी मोडू देत नसत. एका सशामागे एकच कुत्रं. दोन कुत्री सोडली की दोघांची नजर सशावर असते, एकमेकांवर नसते. तेवढ्या वेगात ती आपसात धडकली तर मान मोडते. त्यामुळे माझी कुत्री मोकळी असली की ते आपला म्हातारा कुत्रा पट्ट्यात धरून उभे राहायचे. तो पट्टा खास असतो, कातड्याचा. गळ्यातून नुसता ओवलेला, टोक हातात धरलेलं. टोक सोडलं की कुत्रं मोकळं.

ती सकाळ जानेवारीतली होती. गवतावर दंव, ऊन पडलेलं, हवा स्वच्छ. शेताच्या मधून एक जुना मातीचा बांध जायचा आणि त्यावर काटेरी झुडपं होती. जाळी मीच लावली. त्या हिवाळ्यात जाळी मीच लावायचे. वाकायला गुडघे साथ देत नाहीत, असं ते म्हणायचे. फेरेट आत गेला. बराच वेळ काही नाही. मग माझ्या बाजूच्या एका भोकातून, जे आम्हाला झुडपात दिसलंच नव्हतं, एक मोठा ससा बाहेर पडला आणि शेत ओलांडून पलीकडच्या कुंपणाकडे निघाला. माझी कुत्री त्याच्यामागे सुटली. मी वळून शिक्षकांकडे पाहिलं, का पाहिलं कोण जाणे. म्हातारा कुत्रा मागच्या पायांवर उभा राहून ओढत होता. पट्ट्याचं टोक त्यांच्या दोन्ही हातांत होतं आणि ते हळूहळू सरकत चाललं होतं. त्यांनी ते सोडलं नाही. बोटं मिटतच नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा भाव होता.

कुत्रा निसटला. ससा कुंपणाजवळ वळला, माझी कुत्री त्याच्याबरोबर आत वळली, आणि म्हातारा समोरून तिरपा आला. आवाज आमच्यापर्यंत पोचला. एकाच आवाजात दोन्ही थांबली.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा कुत्रा मेलेला होता. माझी कुत्री तीन पायांवर उभी होती, पुढचा उजवा पाय लोंबत होता, आणि ती त्याचं तोंड चाटत होती. शिक्षक गवतावर बसले. शेतमालकीण बाई ट्रॅक्टर सोडून धावत आल्या. त्यांनी कुत्र्यांना पाहिलं, मग शिक्षकांना विचारलं की दोन्ही कशी काय मोकळी होती.

"मी सोडला त्याला," ते म्हणाले. "वाटलं, म्हातारा झालाय, एकदा पळू दे."

बाईंना राग आवरला नाही. इतकी वर्षं लोकांना नियम सांगितलात आणि स्वतः असं केलंत, असं त्या तोंडावर बोलल्या. शिक्षकांनी मान हलवून ते मान्य केलं. मी कुत्रीला कोटात गुंडाळत होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प राहिले.

गाडी मी चालवली. कुत्री मागच्या सीटवर कण्हत होती, म्हातारा डिकीत घोंगडीखाली. डोंगर उतरल्यावर मी म्हणाले, "तुमच्या हातातून तो निसटला. मी पाहिलं."

"तू काही पाहिलं नाहीस," ते म्हणाले.

मी म्हणाले की डॉक्टरांना हात दाखवायला हवेत. ते खिडकीबाहेर बघत राहिले. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी आपले हात खिशात ठेवले, ते मला घरी जाईपर्यंत दिसले नाहीत.

कुत्रीच्या पायात धातूची पट्टी बसवली. ती वाचली, चालायला लागली, पण धावणं संपलं. शिक्षक तिला बघायला आले नाहीत. फेरेट त्यांनी शेतावरच्या बाईंना देऊन टाकले. सकाळचा फेरा बंद झाला. कधी रस्त्यात समोरासमोर आलो तर ते कुत्रीच्या पायाकडे बघायचे, तब्येत विचारायचे आणि पुढे निघायचे. दोनदा मी त्यांच्या दारात जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि आपण कामात असल्याचं सांगितलं. मला तुमचा राग नाही, हे मी सांगितलं. ते मला ठाऊक आहे, असं ते म्हणाले. राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं, असं मला त्यानंतर पुष्कळदा वाटलं. ज्या चुकीबद्दल लोक त्यांना दोष देत होते ती त्यांनी स्वतः निवडून घेतली होती. मी क्षमा करायला गेले की त्यांना ती चूक खोटी आहे हे आठवायचं.

त्याच वर्षी वसंतात एका सकाळी आमची बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. शिक्षक सूट घालून उभे होते. टाय गळ्यात नुसता लोंबत होता आणि शर्टाची वरची बटणं उघडी होती. त्यांना हॉस्पिटलला जायचं होतं, मोठ्या डॉक्टरांकडे.

"एवढं लावून देता का?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने त्यांना आत घेतलं. आमच्या पॅसेजमध्ये उभं राहून त्याने त्यांची बटणं लावली, बाह्यांचीही लावली, टाय बांधला. कुत्री लंगडत आली आणि त्यांच्या मांडीला डोकं टेकून उभी राहिली. त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने तिचा खांदा चोळला. बोटं वळत नव्हती. त्या दिवशी नवऱ्याने सुट्टी टाकली आणि त्यांना गाडीतून नेऊन आणलं. मज्जातंतूंचा आजार होता, थांबणारा नव्हता.

त्यानंतर लेस्टरची मुलगी येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत, साधारण उन्हाळा संपेपर्यंत, ते रोज दुपारी आमच्याकडे यायचे. मी ऑफिसात असायचे. नवरा त्या दिवसांत घरून काम करायचा, त्यामुळे या दुपारी त्याच्या वाट्याला आल्या, माझ्या नाही. तो त्यांना वरणभात चमच्याने भरवायचा. शिकारीबद्दल दोघांत कधी विषय निघाला नाही, असं तो सांगतो. नकाशे बघायचे. सांगोला कुठे, माण नदी कुठून कुठे जाते, हे त्यांनी माझ्या पुणेरी नवऱ्याला शिकवलं.

लेस्टरला मी एकदाच जाऊन आले. कुत्रीला बरोबर नेलं होतं. तोवर त्यांचं बोलणंही गेलं होतं. मुलीने मला चहा दिला आणि हळूच विचारलं की बाबांनी त्या दिवशी खरंच मुद्दाम कुत्रा सोडला का, कारण तिचा यावर कधी विश्वास बसला नव्हता. ते खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी तिला म्हणाले की ते मला नीट दिसलं नाही.

ते त्याच हिवाळ्यात गेले. कुत्री पुढे खूप वर्षं जगली. मेंडिपवर फिरायला नेलं की ती अजूनही बिळाच्या तोंडाशी पंजा उचलून थबकायची, मागे वळून बघायची, आणि मी "चल" म्हटलं की निमूट चालू लागायची.