रडायच्या वेळेचे काका

लंडनच्या अख्ख्या हॅरोत तान्ह्या बाळाचं रडणं मन लावून ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो आमचा घरमालक होता. आम्ही वरच्या मजल्यावर, काका खाली. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. पण तान्ह्यांच्या पोटावर असे अधिकाराने बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी घरचीच आठ-दहा वाढवलीत. आमची मनू दिवसभर शहाण्यासारखी असायची. संध्याकाळ झाली की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन जो सूर लावायची, तो नवरा ऑफिसातून येऊन जेवला तरी चालूच. डॉक्टर म्हणाले, कॉलिक आहे, तान्ह्यांची नेहमीची पोटदुखी, बाकी तब्येत उत्तम. आई मात्र पुण्याहून फोनकार्ड संपेस्तोवर बजावायची, तुझ्याच खाण्यातलं काहीतरी बाधतंय. मग मी डाळ सोडली, कोबी सोडला, शेवटी नुसत्या मऊभातावर आले. तरी मनू रडायचीच. आपलं दूधच वाईट, आपल्याला हे जमणारच नाही, अशी माझी खात्री पटली. नवऱ्याला म्हटलं, माझं पुण्याचं तिकीट काढ, मी चालले आईकडे.

आमच्या घरातलं सगळं खाली ऐकू जायचं. त्याच संध्याकाळी काका वर आले, एका हातात आमटीचं पातेलं आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युम क्लीनर. "आधी ही खा," म्हणाले. "रडतेय ती, उपास तू कशाला करतेस?" त्यांच्या स्वतःच्या कार्पेटला ते मशीन लागलेलं मी कधी पाहिलं नाही. इथे त्यांनी ते, एकसुरी आवाजाने बाळं शांत होतात म्हणून, कोपऱ्यात नुसतंच घरघरत ठेवलं, मनूला हातावर पालथी घेतली आणि पाठीवरून हात फिरवत येरझाऱ्या सुरू केल्या. मनू चक्क गप्प झाली. मी आमटी संपवते न संपवते तोच पुन्हा सुरू. काका ढिम्म. "थांबेल गं, तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप थांबेल. तोवर आपण पाळ्या लावायच्या. आत्ता माझी पाळी, तू जाऊन पड."

बेंबीभोवतीचा हिंगाचा लेपही त्यांचाच. हिंग वेम्बलीहून आणायचे, दुकानादुकानांतून वास घेऊन निवडलेला, आणि असा जहाल की बाळाला बघायला येणाऱ्या नर्सबाई एकदा दारातच थबकल्या. घरात गॅस गळतोय म्हणून त्यांनी भर थंडीत आम्हाला फुटपाथवर काढलं. काकांनी तिथेच त्यांना हिंगाचे गुण ऐकवायला घेतले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेप जरा पातळ करा, एवढंच सांगितलं.

तिकीट काही काढलं नाही. पाळ्या लावता लावता एका संध्याकाळी मनू रडलीच नाही. काका नेहमीच्या वेळेला आले, तर ती त्यांच्याकडे बघून हसत होती. मी तिला त्यांच्या मांडीवर दिली. किंचाळणारी मनू एका हातावर सहज पेलणाऱ्या त्या माणसाला हसणारी मनू कशी धरावी ते कळेना. दोन्ही हातांनी तिला जपून धरून ते अवघडून बसले.

"आता हिचं काय करायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही, काका. नुसतं घेऊन बसायचं."

मी चहा केला, तो निवला, तरी काका तिला घेऊन तसेच बसून होते.