टोपड्याचा धागा

"मेल्या, नातवाच्या टोपड्याची लोकर उकळलीस? बारसं चार दिवसांवर आलंय!" माझी थोरली बहीण अक्का कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारातच ओरडली आणि तिन्ही मजल्यांवरच्या काचनळ्या थरथरल्या.

लोकर कसली, अ‍ॅक्रिलिकचा पांढरा धागा. तिच्या पिशवीतून उचलून मी तो कॉस्टिक सोड्यात शिजवला होता. एरवी हा धागा कशालाही न चिकटता पाण्यातून परत येतो. शिजला, की त्याला हात फुटतात आणि त्या हातांत सोड्यातलं सोडियम येऊन बसतं. अक्कासमोरच तो मोरचूदाच्या निळ्या पाण्यात सोडला. हातातलं सोडियम टाकून त्याने मोरचूदातलं तांबं पकडलं, स्वतः मोरपंखी झाला आणि पाणी असं नितळ, की शिपायाने चंबू रिकामा समजून उचलला असता.

मग पातळ आम्लात बुडवला, तर पकडलेलं सगळं तांबं निमूट सोडून दिलं! धरायला आपण सगळेच शिकतो, अक्का तर एकेक भांडण चाळीस वर्षं धरते. पण सोडायला शिकलेला मी हा एवढा धागाच पाहिला.

स्वच्छ धुतलेला, पुन्हा पांढरा झालेला धागा ऐटीत तिच्या हातावर ठेवला. तिने तो गालाला लावून पाहिला.

"टोचतोय," ती म्हणाली. "दुसरा आण."