काजळात न दिसलेला माणूस

गंगूआक्का गेल्याचा निरोप निपाणीहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने आणला. मी बेळगावात शाळेत शिकवायला निघाले होते. "तुमची आक्का गेली हो बाई. काल सगळं उरकलं..." एवढं सांगून तो दारातच घुटमळला. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजारणीने ढकलून पाहिलं, तेव्हा ती अंथरुणातच होती. जवळ कोणी नव्हतं. तिच्या बाबतीत ते नवं नव्हतं.

ती माझी मावसबहीण, वयाने पुष्कळ मोठी. नवरा ऐन तरुणपणी गेलेला, मूलबाळ नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारींमागे एका खोलीत ती राहायची, आणि हरवलेल्या माणसांचा माग विचारायला लोक तिच्याकडे यायचे. विड्याच्या पानाला तेलात कालवलेलं काजळ फासून ती त्यात टक लावून बसे. गल्लीतली एक मुलगी बाजारात चुकली तेव्हा आक्का सहज बोलून गेली, लाकडं रचलीत तिथं झोपलीय बघा. पोर तिथेच मिळाली, आणि तेव्हापासून हे मागे लागलं. माझा यावर कधी पुरता विश्वास बसला नाही, आणि ते पुरतं झिडकारताही आलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "दिसतंय तवा दिसतंय गं. न्हाय तर नुसतं काळं."

पुढे एका घरचा कर्ता माणूस तिला विहिरीत दिसला. तिने सांगितलं, आणि तो तिथेच सापडला. पोलिसांनी तिला चावडीवर बसवून घेतलं, तुला कसं ठाऊक म्हणून. त्या घरच्या लोकांनी तर तिचं तोंड बघायचं सोडलं. पाणवठ्यावरच्या बायका तिची नजर चुकवू लागल्या. न जाणो, हिला आपल्या घरचं काही दिसलं तर! "माझ्याकडं नुसतं बसायला कोण येत न्हाय," ती मला म्हणाली होती. "माणूस हरवलं की येत्यात. सापडलं की ते दीस इसरायचे असत्यात, मग मलाबी इसरत्यात."

लढाई सुरू झाली आणि तिच्या दारातली गर्दी वाढली. आमच्या भागातली किती पोरं पलटणीत गेलेली... सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, आणि पत्रं यायची थांबली. त्या दिवसांत कोगनोळीकडची एक म्हातारी आपल्या तरण्या सुनेला घेऊन आली. नावं मी मुद्दाम देत नाही. मुलगा तिकडेच बेपत्ता होता. आक्काने पान समोर धरलं, पुष्कळ वेळ बघितलं. काहीच दिसेना. म्हातारीने तिचे पाय धरले. "जित्ता हाय एवढंच म्हणा, आक्का. मी तेवढ्यावर जगतो." आक्का म्हणाली, "हाय."

दुसऱ्या खेपेला सून एकटीच आली. तिच्या वडिलांनी खानापूरकडचं एक स्थळ बघितलं होतं; त्यांच्यात पाट लागायचा, बाईचं दुसरं लग्न व्हायचं. "आक्का, सासूबाई न्हाईत आता हितं," ती म्हणाली. "खरं सांगा. तुमाला दिसलं व्हतं?"

"न्हाय, पोरी. काय बी दिसलं न्हाय."

"मग मी जाऊ?"

आक्काने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "जा."

ती गेली. पाट लागला. लढाई संपली, आणि तिचा पहिला नवरा परत आला. कैदेत होता, हाडांचा सापळा झालेला. सगळं ऐकून तो सरळ आक्काकडे आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं आक्का मला सांगायची. तो भिंतीला टेकून बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आईला खोटं सांगितलासा, त्ये खरं झालं. तिला खरं सांगितलासा..." निघताना एवढंच म्हणाला, "एकदा बघून सांगा, ती बरी हाय का."

आक्काने पान हातात घेतलं नाही. ती मोटारीने बेळगावला माझ्याकडे आली. "चल माझ्यासंगं खानापूरला. ह्या डोळ्यांनी बघायचंय." आम्ही रेल्वेने गेलो, तिथून भाताच्या बांधांवरून चालत. अंगणात ती दिसली, कडेवर लेकरू, हातात भरलेली घागर. आक्काला बघून तिने घागर हळूच खाली ठेवली.

"आलाय?" तिने विचारलं.

"आलाय."

लेकराचं डोकं तिने खांद्यावर दाबून धरलं. तशीच म्हणाली, "मी इचारलं म्हणून सांगू नगासा." मग आत जाऊन आम्हांला गूळ-पाणी दिलं, आणि बोळवायला बांधापर्यंत आली.

निपाणीला गेल्यावर तिने त्याला सांगितलं, बरी हाय, घर चांगलं हाय, लेकरू हाय. "माझं नाव काढलं का?" त्याने विचारलं. आक्का म्हणाली, न्हाय. तो उठून गेला, तो पुन्हा आला नाही. त्यानंतर ती कोणासाठीच पानात बघायला बसली नाही. आलेल्यांना दारातूनच हात जोडायची. मग लोक यायचेही थांबले, आणि खोलीत ती आणि चूल एवढंच उरलं.

तिची एक सवय मात्र शेवटपर्यंत होती. घरातून निघणाऱ्याला ती उंबऱ्यात थांबवायची आणि डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची. माग विचारायला येणाऱ्यांना ती पूर्वी पहिलं विचारायची, हरवलेल्याच्या अंगावर काय होतं? आणि तिथेच माणसं कोसळायची. रोज समोर असलेलं माणूस, पण शेवटचं कोणी नीट बघितलेलंच नसायचं. गेल्या खेपेला मी निघाले तेव्हाही तिने मला थांबवलं. "जांभळं लुगडं. खांद्याला रफू केलंयस व्हय... हं, जा आता."

दिवसकार्याला जाऊन मी तिची खोली झाडली, दाराला कडी घातली. आता माझी लेक सासरी निघाली की मीही तिला उंबऱ्यात थांबवते, डोळे भरून बघते. पण त्या शेवटच्या भेटीत आक्काच्या अंगावर काय होतं... काही केल्या आठवत नाही.