शनिवारी जुंपलेली गाडी

आमच्या भजनी मंडळात टिटवाळ्याच्या बैलगाडीचा अनुभव मी वर्षानुवर्षं सांगत आलो. गाडीवान कुठून आला, कुठे गेला, कळलंच नाही, असं म्हणायचो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. ते खोटं होतं. माझी श्रद्धा तरी खरी होती का, हा प्रश्न आता या वयात झोपू देत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. आम्ही नौपाड्यात राहत होतो. लग्नानंतर सहा वर्षांनी माझ्या पत्नीला, सुमतीला, दिवस गेले होते. पाचवा महिना होता. एका शनिवारी रजा काढून आम्ही टिटवाळ्याच्या गणपतीला गेलो. तिथून कोसभरावर शनवारतेल्यांची वाडी होती. आपल्यासारखंच मराठी बोलणारी, तेलाचे घाणे चालवणारी ही यहुदी माणसं. शनिवारी त्यांचा घाणा बंद, चूल बंद, बैलही मोकळा. ही गंमत मला बघायची होती. "अहो, पाय दुखतात, परत फिरू या," सुमती म्हणत होती. मी तिला चालवत नेलं.

पडवीत हसाजीबाबा नावाचे म्हातारे तेली बसले होते. मी विचारलं, "काय हो बाबा, तुमच्यात बैलालाही सुट्टी का?"

"तुमच्या साहेबानं रजा दिली म्हणूनच फिरताय ना? याचा साहेब त्याहून मोठा!"

सुमती खळखळून हसली. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. सुमती प्यायली. मी तहान नाही म्हणालो. तहान होती.

अंगणातच सुमती पोट धरून खाली बसली. रक्त जाऊ लागलं. नुकतीच थट्टा केलेल्या तोंडानं मला गाडी मागवेना. बाबा आपणहून उठले आणि बैल घेऊन आले.

"आज?" त्यांची बायको म्हणाली.

"जिवासाठी चालतं. अंथरूण आण, बोलत बसू नको."

कल्याणच्या दवाखान्यापर्यंत ते गाडीत बसले नाहीत. धक्के लागू नयेत म्हणून बैलाची वेसण धरून चालत होते आणि मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटत होते. मूल गेलं. सुमती वाचली. संध्याकाळी मी बाहेर आलो, तर बाबा पायरीपाशी उभेच. "बाई आहे ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते निघून गेले.

घरी आईनं विचारलं, कुणी आणलं? तेल्यांच्या वाडीत नेलं होतं, हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, देवानंच गाडीवान धाडला. पुढे त्या पुटपुटण्याचं मी गणपतीचं स्तोत्र केलं. मी सांगायला बसलो की सुमती उठून आत जायची. "एकदा त्यांना भेटून येऊ," ती दर वर्षी म्हणायची. मी टाळत राहिलो. शेवटी ती एकटीच गेली, तेव्हा बाबांचं सगळं घर बोटीनं त्यांच्या देशाला निघून गेलं होतं. परत येऊन ती एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना माणूससुद्धा राहू दिलं नाहीत." आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. आता तीही नाही.

कृपा झाली होती, यात मला शंका नाही. ती माझ्या देवाच्या नावावर लिहून घेण्याचा हट्ट मात्र माझा होता. तो सोडणं मला नामस्मरणाहून जड गेलं.

परवा मंडळात खरं ते सांगितलं. एकानं विचारलं, "मग यात देवाचा अनुभव कुठला?" मी हात जोडले आणि हसाजीबाबांचं नाव घेतलं.