गच्चीच्या कोपऱ्यातलं कॉलेज

किस्से काही शोधत फिरावे लागत नाहीत, आमच्याकडे ते जिन्यानं वर चढून यायचे. लॉकडाउनमध्ये आसेगावच्या आमच्या गल्लीत रेंज यायची ती फक्त माझ्या गच्चीच्या एका कोपऱ्यात. त्यामुळे गल्लीतलं सगळं कॉलेज तिथंच भरायचं. चोरून ऐकायची मला सवय नाही, पण वड्या वाळत घातल्या की राखण करावीच लागते.

त्यातली सुजाता माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी. बीएस्सीचं शेवटचं वर्ष. मामानं स्थळ आणून ठेवलेलं, आणि तिच्या बापानं, भीमरावनं, बजावलेलं, "यंदा पास झाली तं पुढं शिक. नाई तं लगन."

*

पहिल्याच आठवड्यात सरांचा हुकूम आला: शांत खोलीत, दार लावून बसा. सुजाताच्या घरात खोली एक, माणसं पाच आणि दाराशी बकरी. बिचारी गच्चीवर बसली, तर सर म्हणतात, "मागे हे काय वाळत घातलंय? जरा शिस्त ठेवा."

"वड्या हायेत," मी मागूनच सांगितलं. "तुमच्या कॉलेजनं शांत खोली पाठवली का मंग उचलतो."

सुजातानं घाईघाईनं आवाज बंद केला. "काकू, सर ऐकून राह्यले ना."

"ऐकू दे. मी काय चोरून बोलून राह्यली?"

*

फोन घरात एकच. एकदा तो खिशात घालून भीमराव वावरात गेला. वावर दूर, पण टेकाडावर, तिथं रेंज खणखणीत. नेमका हजेरीचा व्हिडिओ कॉल आला.

"सुजाता?"

"हजर हाय सर," भीमराव म्हणाला. "मी तिचा बाप. पोरगी घरी हाय. काय काम हाय सांगा, निरोप देतो."

सरांनी गैरहजर लावलं. सख्खा बाप सांगतोय पोरगी घरी आहे म्हणून, आणखी कुणाची साक्ष पाहिजे होती यांना?

*

प्रयोगसुद्धा मोबाईलवर. सर नळीतून थेंब थेंब सोडत होते. "आता रंग बदलेल, नीट पाहा," म्हणाले, आणि चित्र थिजलं. पुन्हा हललं तेव्हा सर नळी धूत होते.

"कोनता रंग आला वं?" मी विचारलं.

"सारे गुलाबी लिवून राह्यले."

"तुवा पाह्यला?"

"कोनीच नाई पाह्यला, काकू."

सरांनी सगळ्यांना शाबासकी दिली. उद्या हीच पोरं कुठंतरी आपलं रक्त तपासायला बसतील. तेव्हाही न बघता लिहायचं का?

*

मग तोंडी परीक्षा आली. ती हुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की स्थळ तयारच. आदल्या दिवशी सर आजारी सासऱ्यांना बघायला आमच्याच गावात आले आणि रस्ता बंद झाल्यानं अडकले. सकाळी मोबाईल घेऊन माझ्या गच्चीवर हजर. कोपऱ्यात एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला सुजाता, मध्ये माझ्या वड्यांची खाट.

"जय भीम, सर. मी इथंच आहे, विचारा," सुजाता म्हणाली.

"तसं चालत नाही. परीक्षा ऑनलाइन आहे, रेकॉर्डिंग जावं लागतं. कॉल लाव."

तिनं लावला. सरांनी प्रश्न विचारला, पोरगी धडाधड उत्तर देऊ लागली. खाली बकरीलाही ऐकू गेलं असेल. सर मोबाईलकडे बघत बसलेले.

"तुझा आवाज येत नाहीये. असंच राहिलं तर गैरहजर लावावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. खाट ओढून बाजूला केली, पोरीला हाताला धरून आणलं आणि सरांच्या मोबाईलपुढं बसवलं.

"बोल माय आता."

ती बोलली, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत. सरांनी मान डोलावत पूर्ण गुण भरले आणि म्हणाले, "आता कसा स्पष्ट आवाज येतोय. रेंज सुधारली वाटतं."